आप्पांच्या मागचं माझं चित्र

श्रावणातला दुसरा रविवार, सकाळी अकरा. स्थळ: चिंचवडमधली आमच्या कलामंडळाची खोली, झेरॉक्सच्या दुकानावरची. हजर: अध्यक्ष देवधर सर (निवृत्त चित्रकला शिक्षक, जलरंगात निसर्गचित्रं काढतात), सचिव कुलथे मॅडम (हस्तकला विभाग यांच्याकडे), खजिनदार काळोखे भाऊ (खोली यांची, मूळ गावकरी), फ्लेक्स छापणारे नामदेव (माझे साक्षीदार) आणि मी. गैरहजर: आप्पा. त्यांचा फोटो मात्र होता.

विषय: माझं चित्र माझंच आहे का, आणि असलं तर ते चित्र आहे का.

बैठकीचं टिपण काढायची सवय मला चाकणच्या कंपनीत लागली. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारा कारखाना, आणि मी प्रॉडक्शन प्लॅनिंगला. कोणत्या प्रेसवर आज काय चढणार, कोणता साचा कधी उतरणार, याच्या याद्या करणं हे माझं काम. नोकरी सोडली, याद्या सुटल्या नाहीत. आता घरून काम करते. काम म्हणजे संगणकावर फ्रॅक्टल चित्रं करणं आणि ती कॅनव्हासवर छापून विकणं. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेत आणि बँकेत उच्चारते आहे, आणि दर वेळी समोरचा माणूस "अच्छा, ग्राफिक डिझाइन" म्हणून पुढच्या विषयाकडे जातो.

म्हणून आधी एकदाच नीट सांगते. एक सूत्र घ्यायचं. त्यात एक आकडा टाकायचा. उत्तर येईल ते पुन्हा त्याच सूत्रात टाकायचं, मग त्याचं उत्तर पुन्हा. अशा फेऱ्या चालू ठेवल्या की काही आकडे भराभर मोठे होत पळून जातात, काही तिथल्या तिथे घुटमळत राहतात. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे असा एक आकडा. तो किती लवकर पळाला यावरून त्याला रंग द्यायचा. एवढंच. पण पळणारे आणि घुटमळणारे यांची जी सीमा असते ती सरळ रेघ नसते. ती शेपूच्या काडीसारखी असते. काडीला फांद्या, प्रत्येक फांदी म्हणजे लहान काडी, तिला पुन्हा फांद्या. शेपू कुठेतरी संपतो. ही सीमा संपत नाही. कितीही जवळ जा, आत आणखी असतंच.

मोजायचं काम संगणक करतो. कुठे बघायचं, किती जवळून, कोणत्या रंगात, आणि पाहिलेल्यातलं काय फेकून द्यायचं हे मी ठरवते. शंभर ठिकाणं पाहावीत तेव्हा एखाद्या ठिकाणी थांबावंसं वाटतं. तिथे बसून रंगांची पट्टी जुळवायची, चौकट सरकवायची, पुन्हा जुळवायची. 'कांदा' या चित्राला माझा दोन दिवाळ्यांमधला जवळजवळ सगळा वेळ गेला. गडद जांभळी कडी, कड्यांच्या काठाला सालीसारखी झालर, झालरीच्या प्रत्येक टोकाला पुन्हा बारीक कडी. चाकणच्या मार्केटमध्ये कांद्याच्या राशीवर सकाळचं ऊन पडलं की जो रंग दिसतो, तो मला हवा होता. मिळाला.

आता गिऱ्हाइकांविषयी थोडं, कारण त्याशिवाय माझा त्रागा समजणार नाही.

वाकडच्या बाविसाव्या मजल्यावरच्या एका जोडप्याला माझं एक निळं चित्र फार आवडलं. दोघंही आयटीत, बोलायला गोड. नवरा म्हणाला, "मॅम, हेच ग्रेमध्ये मिळेल का? सोफा ग्रे आहे." मी म्हटलं, रंग बदलला की चित्र बदलतं. ते म्हणाले, हो हो, फक्त रंगच बदला. आठवडा घालवून मी करड्या रंगात वेगळं चित्र उभं केलं. मग बायकोचा निरोप आला, वास्तूवाल्यांनी सांगितलंय की ईशान्येच्या भिंतीवर भोवरा नको. फ्रॅक्टलमधून भोवरा काढायचा म्हणजे चकलीतून वळसा काढायचा. मी विचारलं, मग भिंत बदलता येईल का? "दुसऱ्या भिंतीवर टीव्ही आहे ना, मॅम."

चाकणला एका कंपनीच्या स्वागतकक्षासाठी माझं चित्र घेतलं. लावायला गेले तेव्हा प्लँटचे मोठे साहेब येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे कुठल्या पार्टचं ड्रॉइंग आहे?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. "मग मापं कुठली?" मी म्हटलं, मापं नाहीत. साहेबांनी शेजारच्या माणसाकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी ते चित्र कँटीनमध्ये हलवलं. तिथे ते अजून आहे. जेवणाच्या सुट्टीत पोरं त्यात चेहरे शोधतात, असं कळलं. मला आनंदच झाला.

आणि सगळ्यात वैताग आणणारा प्रश्न. आधी लोक म्हणायचे, "म्हणजे कॉम्प्युटरने काढलं." आता म्हणतात, "म्हणजे एआयने काढलं." आधीच्या प्रश्नाला निदान उत्तर ऐकायची तयारी असायची. आता "नाही" म्हटलं की समोरचा समजुतीने हसतो, जणू मी वय चोरते आहे.

तर कलामंडळ. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन मार्गशीर्षात असतं. दोन दालनं: पुढचं मोठं 'चित्र व शिल्प', मागचं 'हस्तकला व सजावट'. तीन वर्षं माझं काम मागच्या दालनात गेलं. एका वर्षी शेजारी मण्यांची तोरणं होती, एका वर्षी कागदाच्या पट्ट्यांचे गणपती. तोरणं उत्तम होती, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण तोरण करणाऱ्या बाईंनाही माझं काम तिथे का, हे कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमचं भिंतीला लावायचं आहे ना? मग इकडे कशाला?" हा प्रश्न मी लेखी स्वरूपात मंडळाला तीनदा विचारला. मला पुढच्या दालनात भिंत हवी होती. खाली नाव आणि वर चित्र, बाकी काही नको.

यंदा 'कांदा' पाठवलं आणि आषाढात कुलथे मॅडमचा फोन आला की पुढच्या दालनासाठी निवड झाली. मी त्या दुपारी चक्क काही काम केलं नाही. आणि लगेचच पुढच्या आठवड्यात लेखी पत्र: सदर कलाकृती मूळची आपली असल्याबाबत समितीस शंका असल्याने निवड स्थगित.

मी फोन लावला. कुलथे मॅडम अवघडून म्हणाल्या, "अहो वैशालीताई, मी परवा चौकातून रिक्षाने येत होते. आप्पांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे ना, केवढा तरी... त्यांच्या मागे हेच आहे. अगदी हेच, जांभळं."

मी स्कूटर काढली आणि गेले. आप्पा आमच्या भागातले नेते. हात जोडून उभे, पांढरे कपडे, गॉगल. खाली इच्छुक शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या तीन रांगा. आणि आप्पांच्या डोक्यामागे, दत्ताच्या तसबिरीतल्या प्रभावळीसारखा, माझा 'कांदा'. पुढच्या चौकात पुन्हा. रावेतच्या पुलाजवळ पुन्हा, तिथे तर आडवा ताणलेला. माझं चित्र इतक्या लोकांनी कधीच पाहिलं नसेल, आणि एकानेही ते पाहिलं नसेल.

छापणारा कोण हे शोधावं लागलं नाही. कॅनव्हासचे नमुने मी नामदेवकडेच काढते. लातूरकडचा चाळिशीचा माणूस, काम चोख, यंत्रं चांगली. मी दुकानात शिरले तेव्हा तो एका बारशाच्या फ्लेक्सवर बाळाला गॉगल घालत होता.

"नामदेव, माझं चित्र आप्पांच्या मागे कसं गेलं?"

"कोणतं? ते जांभळं? लई भारी दिसलं की, ताई. रॉयल."

"ते माझं आहे. नमुना काढायला दिलं होतं."

"तुमचंच की. मी कुठं नाही म्हणलो? पेन ड्राइव्हवरून काढलो, फोल्डरमधी राहिलं."

त्याने फोल्डर दाखवला. नाव 'बॅकग्राउंड'. फ्लेक्सच्या धंद्यात हा फोल्डर म्हणजे घरचं मसाल्याचं पाळं. त्यात डरकाळी फोडणारा सिंह, ढगातून येणारे किरण, किल्ला, ज्वाळा, उडणारी कबुतरं, आणि त्यांच्यामध्ये माझा 'कांदा'. नाव बदलून ठेवलं होतं: 'जांभळा व्हीआयपी'.

"विचारायचं तरी."

"विचारलो असतो, तर तुमी नाही म्हणला असता." मग जरा दुखावून, "वाईट असतं तर टाकलो असतो का, ताई?"

माझ्या कामाचं इतक्या वर्षांतलं सगळ्यात सरळ परीक्षण हेच, हे मला तेव्हाही कळलं. पण मी रागात होते. त्याला म्हटलं, रविवारी अकराला मंडळात यायचं आणि हे सगळं तिथे सांगायचं. तो म्हणाला, रविवारी साखरपुड्याची कामं असतात. मी म्हटलं, साखरपुडे थांबतील.

तर आता बैठकीकडे येते.

नामदेव आला, आप्पांच्या फ्लेक्सचा नमुना आणि माझ्या चित्राची फाइल घेऊन आला, आणि जे घडलं ते तसंच सांगितलं. तरी कुलथे मॅडमची शंका फिटेना. त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं, म्हणून जास्त चीड आली. "ताई, राग मानू नका. पण त्यांनी तुमच्याकडून घेतलं, हे ठीक. तुम्ही नेटवरून घेतलं नसेल हे आम्ही कशावरून समजायचं? हल्ली सगळं नेटवर असतं."

"किंवा एआय," देवधर सर म्हणाले. माणूस सज्जन, पण हा शब्द त्यांनी चिमटीत धरल्यासारखा उच्चारला.

काळोखे भाऊ चित्राकडे बघत होते. कॅनव्हास मी बरोबर आणला होता आणि भिंतीला टेकवून ठेवला होता. "आमी जल्मभर कांदा लावला, ताई. असला न्हाई पाह्यला. कांद्यात एवढा भवरा कुठं आसतोय?"

"भाऊ, तो कांदा नाहीच. नाव आहे नुसतं."

"मंग कांदा का म्हनायचं?"

मी लॅपटॉप उघडला. असं होणार हे मला ठाऊक होतं आणि तयारी करून आले होते. आधी नामदेवची फाइल लावली. झालरीच्या एका टोकावर बोट ठेवून म्हटलं, इथे आत जाऊ. मोठं करत गेले. जरा वेळाने टोक धूसर झालं, मग चौकोन चौकोन दिसायला लागले, मग नुसता जांभळा ठोकळा.

"हा छापायचा फोटो आहे," मी म्हटलं. "जेवढे ठिपके छापले तेवढेच त्यात आहेत. नेटवरून उतरवला असता तर माझ्याकडेही एवढंच असतं."

मग माझा प्रोग्रॅम उघडला, सूत्र लावलं. तेच चित्र, तेच टोक. आत गेले. टोकाच्या जागी कडी दिसली. कड्यांवर झालर. झालरीच्या टोकावर गेले. तिथे दोन भोवरे एकमेकांकडे पाठ करून. त्यांच्या मधल्या फटीत गेले. पडदा क्षणभर रिकामा व्हायचा, संगणक मोजायचा, आणि ठिपक्याठिपक्याने नवीन काही उमटायचं. अगदी आत, जिथे मीसुद्धा आधी कधी गेले नव्हते, तिथे शेपूच्या जुडीसारखं काहीतरी निघालं, फिक्या पिवळ्या रंगाचं.

"आरं थांबा थांबा," काळोखे भाऊ खुर्ची ओढत पुढे आले. "आजून आत हाय व्हय?"

"आहे."

"किती?"

"संपत नाही."

"आन् ह्ये आप्पाच्या मागं लावलं होतं तुमी," ते नामदेवकडे वळून म्हणाले. नामदेव स्वतः तोंड उघडं टाकून बघत होता. कुलथे मॅडमनी माघार घेतली आणि हळूच म्हणाल्या, "ठीक आहे. ताईंचंच आहे." पहिला मुद्दा निकालात निघाला. मी टिपून ठेवला.

दुसरा मुद्दा देवधर सरांचा. ते म्हणाले, "तुमचं आहे, मान्य. पण तुम्ही केलंत काय? हे सगळं आधीपासून त्या सूत्रात होतंच. तुम्ही फक्त शोधलंत."

माझा तोल जरा गेला. "सर, तुमच्या दर वर्षीच्या चित्रात नदीचा घाट असतो. तो तुम्ही बांधला होता का?"

नामदेवने दाराकडे पाहिलं. काळोखे भाऊंनी मिशीत हसू लपवलं. सर माझ्याकडे पाहत राहिले, चिडलेले दिसले नाहीत. म्हणाले, "नाही. पण घाट मला सोडून देता येतो. दोन पायऱ्या नको असल्या तर मी काढत नाही. तुम्हाला तसं करता येतं?"

"मला आख्खी जागा सोडता येते. शंभर सोडल्या, तेव्हा ही घेतली."

"अच्छा." सर उठले. लॅपटॉपकडे आले नाहीत, भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासकडे गेले. चष्मा काढला, डोळे बारीक केले, मागे सरकले, डाव्या बाजूने पाहिलं, उजव्या बाजूने पाहिलं. त्यांनी शाळेत पोरांची चित्रं अशीच पाहिली असणार.

"खालचा डावा कोपरा जड झालाय," ते म्हणाले.

"काय?"

"जड झालाय. तिथे तुमची ती कडी फार दाट झाली आहेत. नजर तिथे जाऊन बसते आणि मधे यायला तयार होत नाही. मधलं इतकं छान जमलंय, तिकडे कुणी बघणारच नाही."

"सर, ते सूत्रातून आलंय."

"कुठूनही येऊ दे. खाली सही तुमची आहे ना?"

इतक्या वर्षांत माझ्या चित्रांना भोवरा आहे, रंग सोफ्याला जात नाही, मापं नाहीत, एआय आहे, व्हीआयपी आहे, असं सगळं म्हणून झालं होतं. कोपरा जड आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी वळून पाहिलं तर तो खरोखरच जड होता.

सर जागेवर येऊन बसले. "पुढच्या दालनात लावा, कुलथे मॅडम. दारासमोरची भिंत. फक्त कोपऱ्याचं बघा म्हणावं." म्हणावं, असं, मी समोर बसलेली असताना.

"मग विभाग चित्र लिहू?" मॅडमनी विचारलं.

"दुसरं काय लिहिणार?"

काळोखे भाऊंनी खालून चहा मागवला. नामदेवने चहा घेता घेता मला विचारलं, आता ते फोल्डरमधून काढू का ठेवू? मी म्हटलं, काढ. त्याने मान हलवली. काढलं की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवसापासून मी कोपऱ्याच्या मागे आहे. तैलरंगात एक चिंधी आणि थोडं टर्पेंटाइन पुरलं असतं. जलरंगात सरांनी ओल्या ब्रशने उचलला असता. माझ्याकडे फक्त सूत्रातले आकडे आहेत, आणि त्यातला प्रत्येक आकडा सगळ्या चित्राचा आहे. एक आकडा दशांशाच्या पार शेवटी केसभर हलवला तर कोपरा हलका होतो, पण मधलं कडं अंड्यासारखं लांबतं. दुसरा हलवला तर कडं गोल येतं आणि वरची झालर फाटते. पत्र्याच्या कामात असंच असायचं. एका कडेची सुरकुती काढायला गेलं की दुसरीकडे चीर पडायची. पण तिथे साचा बदलता यायचा. इथे साचाच चित्र आहे.

कडेने कापून पाहिलं. चित्र डावीकडे कलल्यासारखं दिसतं. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ब्रश घेऊन कोपरा झाकणारे लोक आहेत, चांगली चांगली कामं करतात. मलाही ते येतं. पण वाटेल तिथून आत जाता येतं हे मी चार माणसांसमोर दाखवलेलं आहे. कोपऱ्यावर ठिगळ लावलं की तिथून आत जाता येणार नाही. कुणी जाऊन बघणार नाही, हे मला कळतं. नामदेवला अडचण सांगितली तर म्हणाला, "ताई, तिथं लोगो टाका की."

रंगांची पट्टी बदलून झाली. फेऱ्यांची मर्यादा बदलून झाली. काही रविवारी वाटतं जमलं, आणि सोमवारी सकाळी पाहिलं की नजर पुन्हा जाऊन तिथेच बसते. सरांना एकदा फोन करून सांगितलं की सर, खरंच कठीण आहे. ते म्हणाले, "हो, कोपरे कठीणच असतात." आणि भिंतीसाठी चित्राची लांबीरुंदी विचारून फोन ठेवला.

हा लेख संपादकांना पाठवायचा म्हणून आज सकाळी कामं लिहून काढली. फ्रेमवाल्याला सांगितलं. चित्राच्या खालची पाटी छापून आली. गाडी ठरली. कोपरा अजून व्हायचा आहे.